मागच्या खोलीचं दार

अक्का, घर बघून आले.

तुम्ही सांगितलं होतं, रविवारी सकाळी जा, ऊन तापायच्या आत जा आणि आल्या आल्या फोन कर. गेले ती महिना उलटल्यावर, आणि तुमचा फोन तर तुमच्या महेशनं बंद करून कपाटात ठेवलाय. मग सांगू कुणाला? घरी येऊन चहा टाकला आणि ह्यांच्या फोटोला सांगायला लागले. पण तुमचा भाऊ जिवंतपणीसुद्धा घरादाराच्या गोष्टीत ‘हं’च्या पुढे सरकला नाही, आता काय बोलणार! चहा निवून गेला. शेवटी कागद घेतला. तुम्ही म्हणाल, "शोभे, मास्तरणीची खोड जाईना तुझी. एका दमात सांग, घर कसं हाय?" एका दमात सांगता येत नाहीये, अक्का. म्हणून तर लिहायला बसले.

आपलं हे वेड कुणाला सांगायची सोय नव्हती. तुम्ही लातूरला, मी नांदेडला. नणंद-भावजय, दोघींचेही नवरे गेलेले, आणि रोज दुपारी भांडी आवरली की दोघी फोनवर विकायला काढलेली घरं बघत बसायचो. घ्यायचं होतं कुणाला? तुमचं लातूरला तीन मजली घर, माझा इथं तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेजारणीला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे इन्व्हेस्टमेंट का?" मी म्हटलं, नाही हो, नावं ठेवायला. तिला काही ते कळलं नाही.

हे गेल्यावर पहिलं वर्षभर तुम्ही रोज फोन करायच्या. जेवलीस का, काय केलं होतंस, गुडघा कसा आहे. चार वाक्यांत बोलणं संपायचं आणि मग दोघी नुसत्या फोन कानाला लावून बसायचो. तुमच्याकडून प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू यायची, माझ्याकडून खालच्या रस्त्यावरचे ऑटो. मग महेशनं तुमच्या फोनमध्ये ते घरांचं ॲप टाकून दिलं, आपल्यासारखी घरं कशी जातात ते बघायला. आणि एका दुपारी तुम्ही मला एक फोटो पाठवला. औरंगाबादकडचा कसलासा बंगला. खाली बोलून पाठवलेलं, "हे बघ बाई, न्हाणीत झुंबर टांगलंय. अंघोळ करायची का लग्न लावायचं?" मी एवढी हसले, एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांच्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती त्या न्हाणीला.

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. एक दिवस घर तुम्ही निवडायचं, एक दिवस मी. किंमत वाचायची नाही, हा तुमचा कायदा. किंमत यायची तिथं तुम्ही अंगठा धरायच्या म्हणे. "भाव बघितला की घर दिसत न्हाई, नुसता भावच दिसतो." मग आपण निवांत आत शिरायचो. स्वयंपाकघराला भिंत नाही, म्हणजे इकडे फोडणी दिली की तिकडे पाहुण्याला ठसका. सोफा असला की एकदा बसलेलं माणूस दोघांनी ओढून काढावं. गच्चीवर प्लॅस्टिकचं गवत. देवघर संडासाला चिकटून. एकाने लिहिलं होतं, ‘निसर्गरम्य परिसर’, आणि फोटोत एक बाभूळ आणि तिच्याखाली उभा असलेला पाण्याचा टँकर. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ वाचलं की तुम्ही हटकून विचारायच्या, "उडत जातो का हा?"

मी बघायची ती उजेड, पुस्तकांना भिंत, ओट्याची उंची. आणि पायऱ्या, गुडघ्यांपायी. तुमचं बघणं मात्र वेगळं होतं. फोटो आला की तुम्ही तो दोन बोटांनी ताणायच्या आणि थेट दारापाशी जायच्या. झोपायच्या खोलीच्या दारापाशी. "बिजागरी दिसती का बघ. आतून बिजागरी दिसली म्हंजी दार आत उघडतं." साऱ्या मराठवाड्यात, साऱ्या महाराष्ट्रात, ॲपवरच्या घरांच्या बिजागऱ्या बघणारी बाई तुम्ही एकटीच असाल. घरोघरी दारं आतच उघडणारी. झाली ती घरं नापास. मग छत. छताला ते नक्षीचं पांढरं दुसरं छत लावलेलं दिसलं की तुम्ही म्हणायच्या, "निजलेल्या माणसाच्या उरावर एवढं ओझं कशापायी टांगायचं?" माळा असेल तर त्याच्याखाली पलंग नको. आणि बोअरला पाणी किती फुटावर. हे झाल्याशिवाय तुम्ही पुढच्या फोटोला हात लावायच्या नाहीत.

मी चिडवायची. एकदा तर म्हटलं होतं, अक्का, तुम्हाला घर नको, मैदान पाहिजे. तुम्ही म्हणालात, "मैदानाला बिजागरी नसती, ते बरं असतं." आणि पुढचा फोटो उघडलात.

तुमच्या मनूचं आपण बोलत नव्हतो. इतकी वर्षं झाली, तुम्ही एकदाच बोललात. मी कुठल्याशा जुन्या घराचा फोटो पाठवला होता, नक्षीदार सागवानी दार, पितळेच्या कड्या. मी लिहिलं, दार किती सुंदर आहे. तेव्हा तुम्ही सांगितलंत. एरवी जेवण काय केलं ते सांगायच्या ना, त्याच आवाजात. गणपतीचं विसर्जन करून आली होती लेक, नाचून नाचून दमली होती, आत आजीपाशीच झोपायचं म्हणून हटून बसली. तुम्ही, दाजी आणि छोटा महेश बाहेर अंगणात. पहाटे जमीन हलली. माळवदाचं घर ते, दगड-मातीचं, जागच्या जागी खाली बसलं. दार उभं होतं. "दार उभं होतं शोभा, ते न्हाई पडलं. आम्ही दोघं ढकलून राहिलो. आत माती पडलेली. आत उघडणारं दार, कसं उघडंल?" एवढंच बोललात आणि पुढं म्हणालात, "बरं, ह्या घराचा ओटा लई ठेंगणा हाय. दुसरं दाखव."

माझी पण होती हो ती. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला यायची, माझ्याकडून रोज दोन वेण्या घालून घ्यायची, लाल रिबिनीच पाहिजेत म्हणून रुसायची. आम्हाला मूल नाही. सुट्टी संपली की हे तिला निलंग्याच्या गाडीत बसवून द्यायला जायचे आणि येताना उगीच लांबच्या रस्त्यानं घरी यायचे. त्या फोनवर मला हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं होतं. मी सांगितलं काय, तर बरोबर आहे, ओटा ठेंगणाच आहे. दोघी मिळून एका ठेंगण्या ओट्याला नावं ठेवत बसलो त्या दिवशी, आणि ते मला आजही बरोबरच वाटतं. दुसरं करणार काय होतो आपण?

गाव सोडून तुम्ही लातूरला आलात, दाजींनी प्लॉट घेतला, घर बांधलं. सिमेंटचं, पक्कं, कॉलमचं. आणि तुम्ही त्या पक्क्या घरात एक रात्र झोपल्या नाहीत. गच्चीवर पत्र्याची खोली करून घेतलीत, दार बाहेर उघडणारं. खालचं घर रिकामंच राहायचं. मग लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. गल्लीत बघता बघता पाट्याच पाट्या, गावोगावची पोरं आईबापांचा हात धरून खोल्या शोधत फिरायला लागली. दाजींनी हॉलची दोन खोल्यांत फाळणी केली, मग स्वयंपाकघराची, मग वर दोन मजले चढवले. तुमचं घर खालून वर खोल्याखोल्यांनी भरत गेलं आणि तुमचा पत्रा तेवढा दर वेळी नव्या गच्चीवर चढत गेला. ॲपवर लातूरचं घर आलं की तुम्ही बघायच्याच नाहीत. "ह्ये घर न्हाई, खोल्यांचं दुकान हाय. हिथं कुणी म्हातारं होत न्हाई बघ. दोन वर्षं अभ्यास करायचा आन् निघायचं." निकाल लागला की तुमची गल्ली ओस पडायची. त्या दिवसांत तुमचा फोन दुपारी नाही, सकाळीच यायचा.

त्या पत्र्यावरून आपलं भांडण व्हायचं, ते काही मिटलं नाही. मे महिन्यात तिथं भाकरी ठेवली तर कडक होईल एवढी धग. मी हजारदा म्हटलं, खाली या, एक खोली भाड्यानं राहणाऱ्या पोरींकडून रिकामी करून घ्या, कूलर लावा, असं भाजून कशाला घ्यायचं? तुम्ही म्हणायच्या, "भाजलं तर उठून पाणी पिता येतं." ह्यावर मी जास्तच चिडायची, तुम्हाला ठाऊक आहे. मग मी फोन ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी तुम्ही घर पाठवायच्या, जसं काही झालंच नाही.

आणि ते पेले. उशाच्या खिडकीत स्टीलचा एक पेला पालथा आणि त्याच्या बुडावर दुसरा सुलटा. भूकंपानंतर शेडमध्ये राहिलात तेव्हा घरोघरी हे होतं. जमीन जरा हलली की वरचा पडेल, आवाज होईल, जाग येईल. बाकीच्यांनी हळूहळू सोडलं. तुम्ही रोज झोपताना रचायच्या, सकाळी उठून त्याच पेल्यांतून पाणी प्यायच्या.

ते पेले पिशवीत घालून तुम्ही नांदेडला एका लग्नाला आलात तेव्हाची गंमत आठवते का? म्हणालात, चल, एखादं घर खरंच बघून येऊ, गिऱ्हाईक होऊन. बायपासकडची ती नवी बिल्डिंग, सातवा मजला. एजंट सलीमभाई, बिचारा सज्जन माणूस, इथल्याच जुन्या घरातला, बाप-आजा बाजारात दुकानदार. तुम्ही लिफ्टमध्ये पाय टाकेनात. मी आणि सलीमभाई वर जाऊन उभे, आणि तुम्ही एकेका मजल्यावर दम खात, जिन्याला शिव्या देत वर आलात. आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. पिशवीतून पेले काढले, ओट्यावर एकावर एक ठेवले आणि बघत उभ्या राहिल्या. सलीमभाई म्हणाले, "मौशी, पानी पाहिजे का?" तुम्ही म्हणालात, "गप उभं ऱ्हा जरा." खाली बायपासवरून उसाचा ट्रक गेला आणि वरचा पेला बारीक किणकिणला. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसा चोर सापडला. मग दारं. "ही दारं उलटी बसवून देता येतील का?" ते म्हणाले, "मौशी, दार तर समद्या घरात असंच ऱ्हाते." "म्हणून तर इचारून राहिले." निघताना त्यांनी फार मऊपणानं विचारलं, घर आवडलं नाही का? तुम्ही म्हणालात, "घर बेस हाय. खाली आण."

रस्त्यावर येऊन मी फुटपाथवर बसून हसले. साडी सावरायचं भान नव्हतं. येणारे-जाणारे बघत होते.

मग ते इथलं, नांदेडचं, माळटेकडीकडचं घर आलं. बारी तुमची होती. तुम्ही पाठवलंत आणि खाली काही बोलल्या नाहीत, तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं. बैठं घर. पुढची खोली, स्वयंपाकघर, एक मधली खोली, आणि मागं अंगणाला लागून आणखी एक. अंगणात लिंबाचं झाड, झाडाला लिंबं. बोअरला पाणी आहे, हौद आहे. मालकानं शेवटी लाजत लाजत लिहिलं होतं, मागची खोली पत्र्याची आहे, पुढेमागे स्लॅब टाकता येईल. मी फोटो पुढे-मागे केले, परत केले. ओटा बेताचा. पुढच्या खोलीला पुस्तकांना भिंत. पायरी एकच. मी म्हटलं, अक्का, बोला की. तुम्ही म्हणालात, "नाव ठेवायला जागाच सापडून न्हाई राहिली." मग थांबून थांबून तुम्ही मला त्या घराची किंमत वाचून दाखवली.

मला तेव्हाच कळलं. अंगठा काढला होता तुम्ही.

"शोभा, मी येऊ का तुझ्याकडं राहायला?" असं विचारलंत. थोरली नणंद, माझ्या लग्नात माझ्या हातातला शालू परतवून दुसरा आणायला लावणारी, आणि विचारता तर कशा, नव्या पोरीनं विचारावं तशा! वर म्हणालात, "भाऊ न्हाई राहिला. पर माहेर भावजयीपाशीच असतं ना गं?" मी म्हटलं, अहो या की, विचारायचं काय त्यात, उद्याच निघा. मी पुढची खोली घेते, तुम्ही मागची. माझा फ्लॅट विकला की सहज बसतं. तुम्ही म्हणालात घाई नको, तुला लई घाई. मग खरं ते बोललात. "आधी तू जाऊन मागच्या खोलीचं दार बघ. फोटोत पडदा आलाय, बिजागरी दिसत न्हाई. रविवारी जा. आत उघडत असंल तर मग ऱ्हाऊ दे."

फोन ठेवल्यावर मी घरभर फिरले. एकटीला किती दिवस झाले होते असं फिरून. चादरी काढल्या, कुठल्या न्यायच्या, कुठल्या टाकायच्या. रात्री तुम्ही नऊ वाजता झोपता आणि मी टीव्ही लावते, त्यावरून भांडणं होणार, हेही ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी महेशचा फोन आला. तो पुण्याहून निघाला होता, म्हणाला, "मामी, आई उठली नाही." मी एसटी पकडली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, कुठं निघालाव? म्हटलं, लातूरला, नणंदेकडं. "काही कार्य हाय का?" मी हो म्हटलं.

तुमच्या घराच्या जिन्यात पोरी उभ्या होत्या, पाठीला दप्तरं. त्या दिवशी त्यांची टेस्ट होती आणि जावं की न जावं कळत नव्हतं. दोघी-तिघी रडत होत्या. मी म्हटलं, जा गं, अक्कांनी हाकलून लावलं असतं तुम्हाला. गेल्या. वर तुम्ही पत्र्याखाली पलंगावर, दार सताड बाहेर उघडलेलं. उशाशी खिडकीत पेल्यावर पेला. पडला नव्हता. तुम्ही ज्याच्यासाठी एवढी वर्षं टपून बसला होतात ते आलंच नाही, अक्का. दुसरंच काही आलं आणि त्यानं काही हलवलं नाही. मला तुमचा राग आला त्या वेळी. खोटं कशाला सांगू, आधी राग आला, रडू नंतर आलं.

दिवस झाल्यावर महेश म्हणाला, मामी, आईचं काही न्या. पैठणी न्या, पाटल्या तुम्हीच ठेवा. मी म्हटलं, ते दोन पेले दे. तो बघतच राहिला. त्याला आठवत असेल-नसेल, लहान होता. मग त्यानं ते टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले आणि पिशवी जरा वेळ धरून उभा राहिला.

नांदेडला आल्यावर दुपारी जड जायला लागल्या. भांडी आवरून होतात आणि हात आपोआप फोनकडं जातो. ॲपला काय माहीत! ते आपलं रोज विचारतं, ‘तुमच्या आवडीची नवी घरं बघायची का?’ एका दुपारी त्यानं तुमचंच घर दाखवलं. लातूर, शिकवण्यांच्या भागात, वसतिगृहासाठी उत्तम. महेशला मी बोल लावत नाही, तो पुण्यात बसून ते घर सांभाळणार कसा? पण फोटो किती वाईट काढलेत हो! खोली, खोली, खोली, सगळ्या एकसारख्या. जिन्यातली तुमची कुंडी अर्धी कापलेली. आणि शेवटी तुमची खोली, पलंग काढून टाकलेली, खाली लिहिलंय, ‘गच्चीवर अडगळीची खोली’. मी भराभर लिहून काढलं. की पूर्वेची खिडकी दाखवलीच नाही, की तिथून सकाळी उन्हाचा पट्टा थेट पलंगापर्यंत येतो, की ह्या बाईनं इथं बसून अख्ख्या महाराष्ट्राच्या घरांना नावं ठेवली आणि तुम्ही तिच्या खोलीला अडगळ म्हणता? लिहिलं आणि पाठवलं. तुम्हालाच पाठवलं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं सुचलंच नाही. त्यापुढं एकच टिक आली, ती अजून एकच आहे.

त्या दिवशी ठरवलं, आपण रविवारी जायचं.

हे घर दाखवायलाही सलीमभाईच निघाले, त्यांनी ओळखलं मला. माळटेकडीच्या रेल्वे फाटकापाशी उभे होते. "दुसऱ्या मौशी न्हाई आल्या? पेलेवाल्या?" मी सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला आणि म्हणाले, "मौशी, घर नंतर बघू हवं तर. घाई न्हाई." मी म्हटलं, नाही, आजच. सांगितलंय मला.

तर ऐका, अक्का. पुढच्या खोलीत उजेड चांगला, दुपारीही दिवा लागणार नाही. फोटोत दिसतो तेवढा ओटा रुंद नाही, पण चालेल. नळाला पाणी येतं, मी सोडून बघितलं. मधल्या खोलीत भिंतीला जरा ओल आहे, ते मालकानं फोटोत लपवलंय, लबाड आहे. लिंबाचं झाड फोटोतल्यापेक्षा मोठं झालंय. शेजारी एक म्हातारी वाळवण घालत होती, तिनं आपण होऊन विचारलं, घेणार का?

मग मागच्या खोलीत गेले, अंगणाकडच्या दारापाशी. आतल्या बाजूनं तो फोटोतला पडदा तसाच, मळका, फुलाफुलांचा. मी तशीच उभी. वाटलं, आत उघडणारं निघालं तर बरं. तुम्ही म्हणाला होतात ना, मग राहू दे. म्हणजे विषय संपला असता. मी माझ्या तिसऱ्या मजल्यावर परत, दुपारी ॲप, संध्याकाळी टीव्ही. सलीमभाई म्हणाले, "मौशी, कडी घट्ट हाय, मी काढू?" मी म्हटलं, नको. पडदा सारला. बिजागरी नव्हती दिसत. कडी काढली आणि हात लावला.

बाहेर उघडतं, अक्का. नुसतं हातानं ढकललं तर सरळ अंगणात उघडलं, लिंबाच्या झाडापर्यंत. मी ते ओढून घेतलं आणि परत ढकललं. परत परत. सलीमभाई तोंड फिरवून झाडाकडं बघत उभे राहिले, भला माणूस आहे. मनू असती तर तिनंसुद्धा एका धक्क्यात उघडलं असतं. हे नाव मी त्या अंगणात मोठ्यानं घेतलं. किती वर्षांनी घेतलं.

मग पिशवीतून पेले काढले आणि खिडकीत रचले, तुम्ही रचायच्या तसे. तेवढ्यात रुळांवरून गाडी गेली, मालगाडी, लांबलचक. पत्रा थरथरला. वरचा पेला नुसता जागच्या जागी वाजला आणि थांबला. पडला नाही. एवढं चालेल ना?

सलीमभाईंनी विचारलं, "मग मौशी, मालकाला काय सांगू? काय खोट हाय का घरात?" मला हसू आलं, कारण खोट सापडली होती. जी तुम्हालाही फोटोत दिसली नव्हती. म्हटलं, एकच आहे सलीमभाई, एक खोली जास्त आहे. आम्ही मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून पुढे आलो. खरं सांगते, मी नाहीच म्हणणार होते. एवढ्या घरात एकटीनं काय करायचं, कुणाला हाक मारायची, लिंबं कुणाला वाटायची? आणि माझा फ्लॅट ॲपवर चढणार, कुठल्या तरी दोघी दुपारी त्याला नावं ठेवत बसणार. त्या दोघींचा मला आत्तापासून हेवा वाटत होता.

त्यांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली काढली आणि एकदम म्हणाले, "अरे, मौशी, तुमचे पेले आतच ऱ्हायले की. थांबा, आनतो."

मी म्हटलं, "राहू द्या. ती खोली अक्कांची आहे."